जिवाची मजुरी किती धरायची?

सारसोळे ही माझी सासुरवाडी. नेरुळचे सेक्टर झाले, भातशेती गेली. खाडीच्या मासळीवर आता सगळ्यांचं भागत नाही. गेल्या पावसाळ्यात जेट्टीवर धाकट्या मेव्हण्याने हळूच विचारलं, "भावजी, औषधाच्या चाचणीला माणसं घेतायत. चार दिवस राहायचं, पैसे रोख. जाऊ का?"

मी कृषी खात्यातला माणूस. पण जिवाच्या मजुरीचा प्रश्न आमच्याकडेही येतोच.

माणसावर चाचणी झाल्याशिवाय नवं औषध येत नाही, हे खरं. मुंबईतल्या प्लेगच्या वेळी डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी लस आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. पण गजाआडच्या माणसाची स्वेच्छा किती मोकळी? गरजेत अडकलेल्याचंही तसंच.

१९०० साली क्युबात डॉ. वॉल्टर रीड यांनी पीतज्वराच्या प्रयोगासाठी १०० डॉलर देऊ केले. ताप आलाच तर आणखी १००. म्हणजे आजाराचाच भाव ठरला. २००६ साली लंडनमध्ये सुमारे २००० पौंडांसाठी आलेले सहा धडधाकट तरुण औषध टोचल्यावर काही तासांतच अत्यवस्थ झाले.

मग पैसे देऊच नयेत का? तसं नाही. फवारणीवाल्याला आपण फुकट राबवत नाही. रोज बुडतो, सुया टोचून घ्याव्या लागतात, त्याचा मोबदला हवाच. पण रक्कम एवढीही नको, की माणूस दुखणं लपवून रांगेत उभा राहील.

खरी गोम पुढे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. आपल्याकडे फवारणीची मजुरी आधी ठरते. दवाखान्याचा खर्च कोणी करायचा, हे मात्र कोणी बोलत नाही. औषध चाचणीबाबत २०१९ चे केंद्राचे नियम ते बोलतात : इजा झाल्यास मोफत उपचार, चाचणीमुळे झाली असल्यास भरपाई, नैतिकता समितीची मंजुरी, समजेल अशा भाषेत लेखी संमती. मधेच सोडून जाण्याचा हक्कही आहे.

मेव्हण्याला म्हटलं, "पैसे किती, हे शेवटी विचार. आधी मराठीतला कागद घरी आण. धोका काय, आजारी पडलास तर कोण बघणार, हे ताईसमोर वाच. कागद द्यायला का-कू केली, तर तिथूनच परत फिर."