खोडलेल्या किमतीची जादू

आषाढात सेल लागले की २,५०० रुपयांवर काट मारून १,२५० लिहिलेला कुर्ता एकदम स्वस्त वाटू लागतो. का बरं?

आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग मांडला. आकड्यांचं चक्र फिरवून लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? चक्र १० वर थांबलेल्यांचा अंदाज २५ च्या आसपास होता, ६५ वर थांबलेल्यांचा ४५ च्या. चक्राचा उत्तराशी काडीचा संबंध नव्हता, तरी आधी दिसलेला आकडा मनात नांगर टाकून बसला. खोडलेली किंमत हेच करते.

हिशेबही चकवतो. ‘५० टक्के, वर आणखी २०’ म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के सूट. हजाराचे पाचशे झाले, की पुढचे २० टक्के त्या पाचशेवर सुटतात; द्यायचे ४००.

म्हणून खोडलेला आकडा बोटाने झाका आणि किमतीला वापराने भागा. १,२०० रुपयांची चप्पल २०० दिवस घातली तर दिवसाला ६ रुपये. ६०० रुपयांची पर्स दोनदाच मिरवली तर प्रत्येक वेळी ३००. आता सांगा, स्वस्त काय?