दोन मॉनिटर, एक व्हिडिओ : खर्चाआधी हिशेब करा

कापडाच्या दुकानात कॉम्प्युटर आता फक्त बिले काढण्यापुरता राहिलेला नाही. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला माल दाखवायचा तर थानामागून थान उलगडण्याआधी त्याचा व्हिडिओ दाखवण्याची पद्धत पडली आहे. त्यासाठी पुष्कळ दुकानदार बंधू कॉम्प्युटरला दुसरा मॉनिटर जोडतात. दोन्ही पडदे मिळून एकच लांबरुंद चित्र दिसावे, अशी त्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात व्हिडिओ एकाच मॉनिटरवर भरतो आणि दुसरा रिकामा राहतो. मग कोणी कार्ड बदलायला सांगतो, तर कोणी बाहेरून डबी लावायला सांगतो. खिशात हात घालण्यापूर्वी हे प्रकरण नीट समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

असे का होते?

एका कॉम्प्युटरला अनेक मॉनिटर जोडण्याची सोय विंडोजमध्ये १९९८ साली, विंडोज ९८ बरोबर आली. परंतु विंडोज प्रत्येक मॉनिटर वेगळा मोजते, म्हणून ‘फुल स्क्रीन’चा अर्थ एक मॉनिटर भरणे एवढाच होतो. विंडोज एक्सपीच्या काळात एनव्हिडियाच्या कार्डांत ‘स्पॅन’ नावाची सोय होती. ती दोन मॉनिटर म्हणजे एकच रुंद मॉनिटर असल्याचे विंडोजला भासवत असे. २००७ साली व्हिस्टा बाजारात आले, त्यात चित्र काढण्याची अंतर्गत रचना बदलली आणि ती सोय गेली. जुन्या माहितीवर विसंबून कोणी ते बटण शोधत बसू नये.

आधी आकाराचा हिशेब

फुल एचडी मॉनिटर १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असतो. असे दोन शेजारी ठेवले की रुंदी ३८४० होते, उंची मात्र १०८० च राहते. नेहमीच्या व्हिडिओचा आकार १६ ला ९ असतो आणि या जोडपडद्याचा ३२ ला ९ होतो.

आता यात नेहमीचा व्हिडिओ बसवायचा तर तीनच मार्ग आहेत. आकार तसाच ठेवला, तर चित्र एका मॉनिटरएवढेच राहते आणि वर मधोमध दोन्ही चौकटींची पट्टी येते. पडदा भरण्यासाठी कापले, तर निम्मी उंची जाते. ताणले, तर गोल बुट्टी उंचीच्या दुप्पट रुंद दिसू लागते. हा तिसरा मार्ग आम्ही व्यापाराच्या दृष्टीने वाईट समजतो. ताणलेले चित्र पाहून ऑर्डर दिलेल्या गिऱ्हाईकाच्या हाती वेगळाच माल पडतो आणि तक्रार दुकानदाराच्या नावावर येते. नेहमीचाच व्हिडिओ मोठा दाखवायचा असेल, तर दुसऱ्या मॉनिटरपेक्षा एक मोठा टीव्ही घ्यावा.

साडीला मात्र फायदा

साडेपाच मीटर लांब आणि १.१ मीटर पन्ह्याची साडी पूर्ण पसरली, तर तिची लांबी पन्ह्याच्या पाचपट भरते. एका मॉनिटरवर अशी साडी १९२० ठिपके लांब आणि ३८४ उंच, म्हणजे पट्टीसारखी दिसते. दोन मॉनिटरवर तीच ३८४० लांब आणि ७६८ उंच होते. पदरापासून टोकापर्यंत काठ, बुट्टी आणि जरीची चमक एका नजरेत भरते. लांब मालाला ही मांडणी खरोखर उपयोगी आहे.

व्हिडिओ मात्र त्याच मापाचा हवा. आता अनेक मोबाइलमध्ये फोर-के चित्रीकरण होते. त्याचे माप ३८४० बाय २१६० असते. मोबाइल आडवा धरून साडी चित्राच्या मधल्या निम्म्या भागात ठेवावी आणि एडिटिंग करताना वरची व खालची पाव-पाव पट्टी काढून टाकावी. उरतो तो ३८४० बाय १०८० चा व्हिडिओ, दोन मॉनिटरच्या अगदी मापाचा.

जोडणी कशी करावी?

विंडोजचे बटण आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे. ‘डुप्लिकेट’ निवडल्यास दोन्हीकडे तेच चित्र येते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये दोन्ही मॉनिटर एका रेषेत आणावेत. रेझोल्यूशन आणि अक्षरांच्या आकाराची टक्केवारी दोन्हींवर सारखी ठेवावी. मग व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये व्हिडिओ लावून, फुल स्क्रीन किंवा मॅक्झिमाइज न करता, खिडकीच्या कडा माउसने दोन्ही पडद्यांच्या टोकांपर्यंत ओढाव्यात. कंट्रोल आणि एच दाबल्यास खालची बटणे लपतात. वर शीर्षकाची पट्टी राहते, पण खर्च काहीच होत नाही.

पट्टीही नको असेल, तर एएमडीच्या अनेक कार्डांत ‘आयफिनिटी’ ही २००९ साली आलेली सोय आहे आणि एनव्हिडियाच्या व्यावसायिक कार्डांत ‘मोझेक’ आहे. दोन्ही सोयी पडदे जोडून एक करतात आणि मग फुल स्क्रीन दोन्हींवर पसरते. आपले कार्ड कोणते, हे आधी पाहावे. डबी घ्यायचीच असेल, तर ‘स्प्लिटर’ आणि ‘व्हिडिओ वॉल कंट्रोलर’ यांत गल्लत करू नये. स्प्लिटर एकाच चित्राच्या दोन नकला करतो. चित्र विभागून दोन पडद्यांवर देण्याचे काम कंट्रोलरचे.

रंग सांभाळा

दोन वेगळ्या कंपन्यांचे मॉनिटर शेजारी ठेवले, तर एकाच साडीचे दोन रंग दिसतात. गिऱ्हाईकाला रंगाचे दोन लॉट आहेत असे वाटेल आणि कारागिराच्या चांगल्या कामावर विनाकारण बोट ठेवले जाईल. म्हणून दोन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे, शक्यतो बारीक चौकटीचे घ्यावेत आणि उजेड व रंग सारखे लावावेत. खरे थान शेजारी धरून एकदा पडताळावे. चित्राचा मध्य चौकटीवर येतो, तेव्हा तिथे नक्षीऐवजी साधी जमीन येईल अशी साडी मांडावी. भाव किंवा नंबरही मध्यावर लिहू नये.

आमचा सल्ला असा, की आधी घरचे किंवा मित्राचे दोन मॉनिटर मांडून, एका साडीचा व्हिडिओ काढून बघावा. जुना कॉम्प्युटर एवढे मोठे चित्र अडखळत चालवतो की सुरळीत, तेही तिथेच कळेल. माल मापात आणि खऱ्या रंगात दिसला, तरच पुढचा खर्च करावा.