दुखत नाही, तरी दाखवा

नवेगाव बांधचा तलाव आपल्या झाडीपट्टीत कोणाला ठाऊक नाही? कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला, असे सांगतात. आपल्या भागात असे लहानमोठे तलाव पुष्कळ. त्यांच्यावर धान पिकतो, गुरे पाणी पितात, पोरे डुंबतात. या पाण्याचा आणि आपल्या पानठेल्याचाही आजच्या विषयाशी संबंध आहे.

दवाखान्यात नर्सबाई कान, नाक, तोंड पाहू लागल्या की आपण म्हणतो, "बाई, पोट दुखतं माझं. तोंड कशाला पाहता?" पण त्या उगाच पाहत नाहीत. या तीन जागी काही रोग गुपचूप सुरू होतात. दुखत नाहीत, म्हणून आपल्याला कळत नाहीत. पाहणाऱ्याला मात्र कळतात. त्या काय पाहतात, ते आपणही समजून घेऊ.

आधी कान. नर्सबाई कानामागे बोट लावून सूज आहे का ते पाहतात. मग मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढतात. तान्ह्या मुलाचा खाली आणि मागे. असे केले म्हणजे कानाची वाकडी वाट सरळ होते आणि आतले दिसते. कानातला मळ म्हणजे घाण नव्हे. तो धूळ अडवतो. काडी घालून आपण तो उलट आत ढकलतो. कान वाहत असेल तर पडद्याला भोक असू शकते. अशा कानात तेल ओतू नये, आणि अशा पोराला तलावात पोहू देऊ नये.

आता नाक. एक नाकपुडी दाबून दुसरीने श्वास घ्यायला सांगतात. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचे पाणी येत असेल, तर आत चिंचोका नाहीतर मणी अडकला असेल, असा पहिला संशय घ्यावा. घरी चिमट्याने काढायला जाऊ नये. तो आणखी आत जातो.

नाकाचा आणखी एक रोग आहे. आपल्या शेजारच्या छत्तीसगडात तो आढळतो, केरळ-तामिळनाडूत आणि श्रीलंकेतही आढळतो. साचलेल्या पाण्यात, गुरांबरोबर डुंबणाऱ्यांना तो होतो असे दिसते. नाकात तुतीच्या फळासारखा लाल मांसाचा गोळा वाढतो, त्यावर बारीक पांढरे ठिपके असतात. दुखत नाही, नाक चोंदते, आणि जरा धक्का लागला की रक्त येते. लोक म्हणतात, उष्णता झाली. हा गोळा डॉक्टर शस्त्रक्रियेने काढतात. तो पुन्हा वाढू शकतो, म्हणून नंतरही दाखवत राहावे लागते.

आणि तोंड. इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे खर्रा आहे. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटायचा आणि गालात धरायचा. तंबाखू वाईट हे सगळे जाणतात. पण नुसती सुपारीही गालाची आतली कातडी ताठ करते. आधी तिखट झोंबू लागते. मग तोंड उघडेनासे होते. नर्सबाई म्हणतात, "काकाजी, आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घाला बरं." तीन बोटे जात नसली, तर समजावे. एकदा आवळलेले तोंड खर्रा सोडल्यावरही पूर्वीसारखे होत नाही, पण सोडला नाही तर आणखी आवळते आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो.

मग कवळी असली तर काढायला लावतात, चूळ भरायला लावतात आणि बॅटरी धरतात. ओठ, दोन्ही गाल, हिरड्या, टाळू पाहतात. जीभ वर उचलायला लावून तिच्या खाली आणि कडांना पाहतात. तिथे आपले लक्ष कधी जात नाही. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला, लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला फोड दिसला, की डॉक्टरांकडे पाठवतात. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा वाईट. शेवटी गळ्याला हात लावून गाठी चाचपतात.

एवढ्याशा पाहण्याने काय होते? केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 साली याचा मोठा प्रयोग सुरू झाला. शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघर गेले, लोकांची तोंडे पाहिली. साधन काय, तर उजेड आणि डोळे! 2005 साली त्याचा हिशेब छापून आला. तंबाखूचे किंवा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. आता सरकारी कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या सर्वांचे तोंड पाच वर्षांतून एकदा तपासायचे ठरले आहे. खर्रा खाणाऱ्याने मात्र पाच वर्षे वाट पाहू नये, असे आम्हाला वाटते.

पुढे पाठवले म्हणजे गोंदियाला किंवा नागपूरला जाणे आले. मजुरी बुडते, हे खरे. तिथे डॉक्टर चट्ट्याचा कणभर तुकडा काढून तपासायला देतात. तुकडा काढला की रोग पसरतो, असे गावात बोलतात. ते खोटे आहे. तुकडा पाहिल्याशिवाय तो साधा चट्टा आहे की कर्करोग, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही.