‘मागेल त्याला काम’ : एका सूत्राचा अर्थ व त्यामागील निधी

सार्वजनिक निधीतून स्थानिक रोजगार निर्माण करण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. त्यांत महाराष्ट्राची रोजगार हमी योजना एका बाबतीत वेगळी ठरते. तिचे धोरण ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत सामावलेले आहे. या सूत्राच्या रचनेचा विचार केला असता निधी आणि हमी यांचा संबंध कसा जुळतो व कोठे सैल पडतो, हे स्पष्ट होते. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

योजनेची पूर्वपीठिका प्रथम पाहू. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने 1965 साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे हा प्रयोग झाला. 1972 साली योजना राज्यभर लागू झाली, 1977 साली तिचा अधिनियम संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. पूर्वीची दुष्काळी कामे टंचाई जाहीर झाल्यावर निघत. काम केव्हा काढावयाचे, हे शासन ठरवी. नव्या सूत्राने हा क्रम उलटा केला.

आता सूत्राकडे वळू. ‘जो मागेल त्याला काम मिळेल’ या मिश्र वाक्याचा हा संक्षेप होय. त्यात ‘जो’ गाळला आहे, मुख्य क्रियापद गाळले आहे आणि देणाराही अध्याहृत आहे. घोषणेत हे खपते. कायद्यात खपत नाही. अधिनियमाने या रिकाम्या जागा भरल्या. देणारे शासन; मुदत 15 दिवसांची; आणि काम न दिल्यास बेकारी भत्ता. ‘मागणे’ हे क्रियापदही द्व्यर्थी आहे. भीकही मागतात आणि हक्कही मागतात. दुसरा अर्थ कायम राहावा म्हणून मागणीचा लेखी अर्ज व त्याची तारखेसह पोच आवश्यक ठरते. पोच नसेल तर 15 दिवस मोजावयाचे कोठून? पेठ-सुरगाण्यातील कोकणा बोलणाऱ्या मजुराला अर्जाची प्रमाण मराठी परकी वाटली, तर त्याचा हक्क पुन्हा विनवणीच्या पातळीवर उतरतो.

परंतु शब्दांना बळ येते ते निधीने. 1975 साली राज्याने व्यवसाय कर बसविला. पगारदार, व्यापारी व व्यावसायिक यांच्याकडून येणारी ही रक्कम रोजगार हमीसाठी राखली गेली आणि तेवढीच भर शासनाने घालावयाची, असे ठरले. आपल्या वेतनपत्रकावरील वर्षाकाठी कमाल 2,500 रुपयांची ती वजावट म्हणजे मूलतः शहराने गावाच्या मजुरीस लावलेला हातभार होय. निधीचा स्रोत निश्चित असल्यामुळेच ‘हमी’ हा शब्द उच्चारणे शक्य झाले.

यानंतर सूत्रातील ‘त्या’चा अर्थ पालटू लागला. 1990-91 पासून फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली व खाजगी शेतावरील कामासही निधी मिळू लागला. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. वाक्यरचना तीच, पण सुरुवातीस येथे मागणाऱ्याच्या नावे किमान 0.60 हेक्टर जमीन हवी होती आणि अनुदान कमाल 50,000 रुपये होते. पहिल्या वाक्यातील ‘तो’ भूमिहीनही असू शकतो, दुसऱ्यातील नाही. नाशिक जिल्ह्यात हा भेद सहज दिसतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना पाणी साठविण्याची सोय हवी असते. त्याच बागांत हंगामी मजुरीस पेठ-सुरगाण्याची माणसे येतात. शेततळ्याने बागायतदाराची जोखीम कमी होते आणि त्यातून मजुरीही वाढू शकते. मात्र ती मजुरी हमी नव्हे, परिणाम आहे. दोन्ही खर्च उपयुक्त असतील; त्यांना एकाच नावाने मोजणे मात्र अयोग्य होय.

केंद्राच्या 2005 च्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्याने दिवस 125 केले. पण केंद्राचा निधी राज्यनिहाय नेमून देण्याची तरतूद केली आणि त्यावरील खर्च राज्यांकडे सोपविला. दिवस वाढले, हे खरे. तथापि मागणीप्रमाणे निधी वाढतो, की निधीप्रमाणे मागणी नोंदविली जाते, हा प्रश्न त्यामुळे अधिकच महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर अंदाजपत्रकातील आकड्यांइतकेच तालुक्यातील अर्जांच्या पोचपावत्यांत शोधावे लागेल. अर्थशास्त्र व भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी हे काम एकत्र हाती घेण्याजोगे आहे.