पत्र्यावरचे दगड उतरवा, पत्रा बांधून घ्या



गाळप आटोपले, आखाजीही झाली. आता खोडव्याच्या पाणीपाळ्या सांभाळण्यात दिवस जातात आणि घराकडे पाहायला सवड मिळत नाही. पण घराचे छप्पर तपासायचे दिवस हेच आहेत. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कृत्तिका लागतात, २५ मेच्या सुमारास रोहिणी आणि ७-८ जूनला मृग. या महिन्याभरात जो वारा सुटतो, त्याने रावेर, यावल, चोपडा भागातल्या केळीबागा आडव्या होतात हे कोणाला सांगायला नको. केळीचे नुकसान लगेच दिसते, त्याची चर्चा होते. त्याच वाऱ्यात घरांचे आणि गोठ्यांचे पत्रे उडतात, त्यावर मात्र आपण "वारा उना, पत्रा गया" एवढे म्हणून मोकळे होतो.

चक्रीवादळ ही कोकणातली गोष्ट, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागात कौले आणि पत्रे अक्षरशः पाचोळ्यासारखे उडाले. पुढे ते वादळ उत्तर महाराष्ट्रावरून सरकेपर्यंत त्याचा जोर ओसरला होता. तेव्हा समुद्री वादळाची आपल्याला तितकी धास्ती नाही हे खरे. पण आपला वारा आपल्या इथेच तयार होतो. ४४-४५ अंशांच्या उन्हात तापलेली हवा वर चढून ढग उंच वाढतो. त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतो, त्यामुळे ती हवा एकदम थंड आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब हा क्रम आपण लहानपणापासून पाहत आलो. सारा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा असतो. वारा कोणत्या बाजूने येईल याचा नेम नाही आणि तो आल्यावर शिडी लावायला वेळही नाही.

इमारती बांधताना वाऱ्याचा किती जोर धरावा, हे भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिले आहे. पन्नास वर्षांत एखादे वेळी येऊ शकेल असा जोराचा झोत त्यात धरतात. मुंबईसाठी हा आकडा सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. आणि समुद्रापासून शेकडो कोस लांब असलेल्या नागपूरसाठीही तो ४४ मीटरच आहे! नाशिक आणि पुण्यासाठी ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. समुद्र दूर म्हणून वारा कमी, हा हिशेब चालत नाही तो असा.

आता मुख्य मुद्दा. वारा पत्र्याला ढकलून पाडतो अशी आपली समजूत असते. म्हणून आपण पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर, मोडका नांगर असे काय वाटेल ते ठेवतो. प्रत्यक्षात छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो. त्यातच दार किंवा खिडकी उघडी असेल तर आत शिरलेली हवा खालून रेटा देते. ताशी १०० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. छपराच्या कडेच्या दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्र्यावर ही ओढ सव्वाशे किलोच्या घरात जाते. पत्र्याचे स्वतःचे वजन बारा-पंधरा किलो. म्हणजे उरलेला शंभर किलोहून जास्त भार दगडांनी द्यायचा म्हटले, तर एकेका पत्र्यावर दोन-दोन गोण्या साखर ठेवल्यासारखे होईल आणि खालचे पाइप वाकतील. शिवाय वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. दोन-चार दगडांनी पत्रा अडत नाही. पत्रा उचलला गेला की तेच दगड घरात, नाहीतर शेजारच्या अंगणात कोसळतात. वादळात पाळण्यातल्या लेकरावर किंवा खाटेवरच्या म्हाताऱ्यावर दगड पडल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. वाऱ्याने जे झाले नसते ते आपणच वर नेऊन ठेवलेल्या दगडाने होते. म्हणून ते आधी उतरवा.

मग पत्रा धरायचा कशाने? हुकांनी. सकाळी ऊन चढण्यापूर्वी, दोघांनी मिळून, शिडी पक्की धरून पाहणी करावी. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळी टाकून तिच्यावरून चालावे. प्रत्येक हुकाभोवती पाहा. गंजाचे कडे दिसते का? भोक लांबट झाले आहे का? वायसर फाटला आहे का? भोक मोठे झाले असेल तर जुना हुक आवळून उपयोग नाही, शेजारी नवे भोक पाडून, रुंद वायसर घालून नवा हुक लावावा आणि जुने भोक बुजवावे. हुक नळीच्या उंचवट्यावर हवा, खोलगट भागात लावला तर गळती ठरलेली. वळचण, मोभ आणि चारही कोपरे इथे ओढ सर्वांत जास्त असते, तिथे मधल्यापेक्षा दुप्पट हुक द्यावेत. ज्या घरात साध्या वाऱ्यातही रात्री पत्रा वाजतो, तिथे तो कुठे वाजतो ते घरातल्या बायामाणसांना विचारा. त्यांना जागा नेमकी माहीत असते.

यानंतरची गोष्ट पुष्कळ ठिकाणी राहून जाते. पत्रा पाइपाला घट्ट, पण पाइप भिंतीला धरलेलाच नाही! भिंतीच्या माथ्यावर पाइप ठेवायचा, बाजूला दोन विटा लावायच्या आणि सिमेंट फासायचे, अशी आपल्याकडची पद्धत. मोठ्या वाऱ्यात पत्रे, पाइप आणि वरच्या दोन थर विटा असे सगळे एकत्रच उठते. पाइपाला वळसा घातलेली सळई भिंतीत निदान तीन फूट खाली नेऊन काँक्रीटमध्ये पक्की करावी, म्हणजे भिंतीचे वजन छपराला धरून ठेवते. नवीन बांधकामात भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा टाकून त्यातूनच सळया काढून ठेवल्या तर खर्च थोडाच वाढतो. गवंडी "लागत नाही" म्हणेल, त्याचे ऐकू नका.

मळ्यातल्या गोठ्याकडे विशेष लक्ष द्यावे. तीन बाजूंना भिंत आणि चौथी उघडी, अशा गोठ्यात वारा शिरला की त्याला वर जाण्यावाचून वाट नसते. घराची ओसरी किंवा पडवी पुढे काढलेली असेल तर तिचे पत्रे मुख्य छपरापासून वेगळे ठेवावेत, म्हणजे पडवी गेली तरी घर राहते.

जुन्या धाब्याच्या घरांना वाऱ्याचे भय नाही, त्यांचे वैरी पाणी आणि वाळवी. मृगाच्या आत वरचे गवत मुळासकट काढावे, खारीचा नवा थर देऊन चोपावा आणि पन्हाळी मोकळ्या कराव्यात. खोलीतून सऱ्यांची टोके, विशेषतः भिंतीत शिरलेली, टोच्याने टोचून पाहावीत. टोच्या सहज आत गेला तर सर बदलेपर्यंत त्याखाली खाट टाकू नये.

गच्चीवरची प्लॅस्टिकची टाकी या दिवसांत रिकामी ठेवू नये. भरलेली टाकी जागेवर बसते, रिकामी उडते. छपरावर आलेल्या वाळक्या फांद्या उतरवाव्यात. वीजतारेजवळच्या फांद्यांना मात्र हात लावू नये, त्यासाठी वायरमनला बोलवावे.

एवढे करूनही नुकसान झालेच तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा. २०२२ ते २०२६ या काळासाठी आपत्ती निधीचे जे निकष ठरले, त्यांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये आणि गोठ्याला ३,००० रुपये होते, आणि घराच्या बाबतीत पडझड निदान १५ टक्के असावी अशी अट होती. एवढ्या पैशांत किती पत्रे येतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पंचनामा होण्याआधी पडलेले सामान उचलू नये. उचलणे भागच असेल तर आधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, आणि घर चांगले असतानाचा एक फोटोही आजच काढून ठेवावा.