मत, वृत्त आणि अफवा

इ. स. १८४८ मध्ये मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात गोपाळ हरी देशमुख यांनी 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहिण्यास प्रारंभ केला. राज्यकारभार, व्यापार, विद्या आणि समाजस्थिती अशा विविध विषयांवरील ही शंभराहून अधिक पत्रे पुढे 'शतपत्रे' म्हणून विख्यात झाली. चालू घडामोडींवर जाहीर मत मांडण्याची परंपरा मराठीत इतकी जुनी आहे. मात्र त्या काळी लेखक आणि वाचक यांच्यामध्ये संपादक उभा असे. मजकूर वाचणे, पारखणे आणि छापल्यास त्याची जबाबदारी घेणे हे त्याचे काम होते. इंटरनेटच्या युगात ही चाळणी उरलेली नाही. राजकारण, उद्योग वा तंत्रज्ञानविषयक कोणत्याही बातमीवर सामान्य नागरिक क्षणार्धात मत नोंदवितो आणि ते सहस्रावधी लोकांपर्यंत पोहोचते. साहजिकच, पूर्वी संपादकाने वाहिलेली जबाबदारी आता लिहिणाऱ्याकडे आली आहे.

अधिकार आणि त्याच्या मर्यादा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) अन्वये प्रत्येक नागरिकास भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद १९ (२) या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देतो. परंतु त्यासाठी आठच कारणे ग्राह्य आहेत. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि अपराधास चिथावणी ही ती कारणे होत. एखादे मत कोणास अप्रिय वाटणे हे कारण या यादीत नाही.

या भेदाचे महत्त्व कलम ६६-अ च्या इतिहासावरून स्पष्ट होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने हे कलम समाविष्ट झाले आणि २००९ मध्ये अमलात आले. अत्यंत आक्षेपार्ह किंवा त्रासदायक संदेश पाठविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची त्यात तरतूद होती. परंतु 'आक्षेपार्ह' म्हणजे काय, याची व्याख्या नव्हती. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. एकीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत लिहिले होते, तर दुसरीने त्यास केवळ पसंती दर्शविली होती. या घटनेने देशभर चर्चा झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दि. २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत संघराज्य' या खटल्यात न्यायालयाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन वेगळ्या अवस्था असून पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी संरक्षित आहेत. निर्बंधाचा प्रश्न चिथावणीच्या टप्प्यावरच उद्भवतो, असे विवेचन न्यायालयाने केले.

याचा अर्थ काहीही लिहिण्यास मोकळीक मिळाली, असा मात्र नाही. दि. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अब्रूनुकसानी (कलम ३५६) हा अपराध आहे. लोकांत भीती पसरविणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसृत केलेल्या खोट्या माहितीस व अफवांस कलम ३५३ लागू होऊ शकते. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर पुढे धाडणाराही तो प्रसृतच करीत असतो, हे विसरता कामा नये. रोख्यांच्या भावावर परिणाम घडविण्यासाठी दिशाभूल करणारी माहिती पसरविण्यास सेबीच्या २००३ च्या विनियमांनी मनाई केली आहे.

बँक आणि अफवा

आर्थिक वृत्तांच्या बाबतीत अफवेचा धोका विशेष असतो. एखाद्या पुलाविषयी अफवा उठली म्हणून पूल कोसळत नाही. पण बँकेविषयीची अफवा स्वतःलाच खरे करू शकते. ठेवीदारांचा पैसा बँक तिजोरीत साठवून ठेवीत नाही. त्यातील काही भाग राखीव ठेवून उरलेला कर्जरूपाने व्यवसायास, शेतीस आणि घरबांधणीस पुरविला जातो. ही कर्जे वर्षानुवर्षे हप्त्यांनी परत येतात. सर्व ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले, तर सुस्थितीतील बँकेचीही अडचण होते.

अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दि. ८ मार्च २०२३ रोजी बँकेने रोखेविक्रीतील सुमारे १८० कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. वृत्त खरे होते आणि बँकेच्या गुंतवणुकीत दोषही होते. परंतु ठेवीदारांच्या आपसातील संदेशांनी घबराट इतक्या वेगाने पसरली, की ९ मार्च या एकाच दिवशी सुमारे ४,२०० कोटी डॉलर काढून घेतले गेले. दुसऱ्या दिवशी नियामकांनी बँक बंद केली. भारतातही दि. १ ऑक्टोबर २०१९ रोजी काही बँकांविषयीच्या अफवांची दखल घेऊन, बँकिंग व्यवस्था सुरक्षित व स्थिर असल्याचे निवेदन रिझर्व्ह बँकेस करावे लागले होते. दि. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा प्रतिठेवीदार, प्रतिबँक १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. ही माहिती ज्यास आहे, तो लहान ठेवीदार सहसा अफवेला बळी पडत नाही.

ग्राहकाने काय करावे?

बँकेवर टीका करण्याचा अधिकार ग्राहकास निश्चितच आहे. 'माझी तक्रार महिनाभर प्रलंबित आहे' हे अनुभवावर आधारलेले विधान आहे. 'ही बँक बुडणार' हे तसे नाही. पहिल्याने सेवा सुधारण्यास साहाय्य होते, दुसऱ्याने इतर ठेवीदारांची झोप उडते. बातमीचे मूळ कोणते, तिची तारीख कोणती आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर तिला दुजोरा मिळतो काय, हे तीन प्रश्न लिहिण्यापूर्वी वा पुढे पाठविण्यापूर्वी स्वतःस विचारावेत.

जाहीर तक्रारीत खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक वा कार्डाचा तपशील कदापि देऊ नये. अशा तक्रारींवर टपून बसलेले भामटे बँकेच्या नावाने बनावट खाते उघडून तत्परतेने 'मदत' देऊ करतात. तक्रार प्रथम बँकेकडे लेखी नोंदवावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. शाखेने तक्रार स्वीकारल्याची पोच जपून ठेवावी; पुढील प्रत्येक पायरीवर तीच उपयोगी पडते.