औषध कळलं, मात्रा कुठे गेली?

१८७९ साली मुंबईत इंग्रजीतून एक यादीवजा पुस्तक निघालं. मुंबईच्या बाजारात मिळणारी औषधी द्रव्यं आणि इथे ताजी, ओली वापरली जाणारी झाडंझुडपं हा त्याचा विषय. लेखक डॉ. सखाराम अर्जुन राऊत (१८३९–१८८५). ते ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. आज त्यांची ओळख सांगितली जाते ती रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून. नाहीतर १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांतले एक म्हणून. त्या आठांत भारतीय दोघंच होते. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग, गिरगावच्या प्रार्थना समाजाचे संस्थापक.

त्या पुस्तकातला ओल्या वनस्पतींचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाळलेलं द्रव्य दुकानात मिळतं, ग्रंथातही सापडतं. ओला पाला, चीक, अंगरस यांची माहिती मात्र घरातल्या म्हाताऱ्या, सुइणी आणि वैदू यांच्या जिभेवर असते. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेतलेल्या डॉक्टरला ती नोंदवावीशी वाटली, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पुढे विल्यम डिमॉक यांनी पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर मोठे ग्रंथ सिद्ध केले. त्यांत ठिकठिकाणी सखाराम अर्जुनांचा हवाला येतो. नोंद उघड्यावर होती म्हणून ती पुढच्याच्या हाती लागली.

गिरगावपासून परळपर्यंतच्या पट्ट्यात गेली दीडशे वर्षं हा व्यवहार चालू आहे. वडीलधाऱ्यांचं औषधज्ञान शिकलेल्या डॉक्टरांनी कसं घेतलं, त्यातलं काय टिकलं आणि काय निसटलं, याचे दाखले इथे हाकेच्या अंतरावर सापडतात.

गुपिताची किंमत

पहिला दाखला डॉ. भाऊ दाजी लाड यांचा. गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडले. संस्कृत ग्रंथ आणि देशी औषधं यांचा त्यांचा व्यासंग दांडगा होता. महारोगावर एक वनस्पतिजन्य औषध ते देत आणि त्याने गुण येतो अशी ख्याती होती. पण वनस्पती कोणती, हे त्यांनी बराच काळ उघड केलं नाही, आणि त्यावरून टीकाही झाली. १८७४ मध्ये ते गेले. त्यांचं औषध पुढे कडू कवठीच्या बियांच्या तेलाशी जोडलं गेलं.

याच कुळातलं चौलमुगऱ्याचं तेल नंतर जगभर महारोगावर वापरलं गेलं. हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञेने १९१५ च्या सुमारास ते टोचून देता येईल अशा रूपात आणलं. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली, तोवर दुसरा भरवशाचा उपाय नव्हता. भाऊ दाजींच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. आधी खात्री, मग घोषणा, असं त्यांना वाटत असेल. पण गुपित राखलेल्या औषधाची पारख दुसऱ्या कुणाला करता येत नाही, आणि पारखलं न गेलेलं औषध माणसाबरोबर जातं.

परळचा दवाखाना

परळचं केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं. इथले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. देशी वैद्यकात ही मुळी उन्माद, निद्रानाश, सर्पदंश यांवर पिढ्यान्पिढ्या दिली जात होती. वकिलांच्या लेखानंतर जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि रक्तदाबाच्या उपचाराला नवं वळण मिळालं. त्याचे दुष्परिणामही दिसले. काही रुग्ण खोल उदासीनतेत गेले. मागणी इतकी वाढली की जंगलातली सर्पगंधा खणून खणून दुर्मीळ झाली.

चार दशकांनी त्याच आवारात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधन केंद्र उभं केलं. मराठी वाचकांना त्या ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’च्या लेखिका म्हणून परिचित आहेत. औषधशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डहाणूकरांनी वैद्यांचं म्हणणं आधी नीट समजून घ्यायचं आणि मग प्रयोगशाळेत तपासायचं, असा रस्ता धरला. गुळवेलीवरचं त्यांच्या गटाचं काम त्यातूनच झालं. पित्तमार्ग अडल्याने झालेल्या काविळीत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने रुग्ण दगावत. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३० रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिलेल्यांपैकी जगलेल्यांचं प्रमाण ९२ टक्क्यांवर होतं. न दिलेल्यांत ते ४० टक्के होतं. अभ्यास लहान होता, पण प्रश्न नेमका होता: कोणत्या रुग्णाला, कोणत्या अवस्थेत, कशासाठी?

हा नेमकेपणा करोनाच्या लाटेत वाहून गेला. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ एवढ्याच भांडवलावर घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पती नीट ओळखली होती का? तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल तर नव्हती? वाद रंगला. पण वेल ओळखून घेणं, किती दिवस द्यायची ते ठरवणं आणि कुणाला अजिबात द्यायची नाही हे सांगणं, हीच तर जाणत्या वैद्याची विद्या. लोकांनी वेल उचलली आणि वैद्याला वगळलं.

कागदावर काय चढतं

कागदाचा महिमा कमी नाही. हळदीने जखम भरते, हे घरोघरच्या आज्यांना ठाऊक होतं. तरी अमेरिकेत १९९५ मध्ये त्यावर पेटंट दिलं गेलं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करवलं. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर गिरगावात खेतवाडीच्या चाळीत वाढलेले. हळद लावणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिली असणारच. पण पेटंट कार्यालयापुढे आजीची साक्ष चालत नाही. तिथे ३२ लेखी संदर्भ ठेवावे लागले. त्यात संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ होते आणि १९५३ चा एक शोधनिबंधही.

मग ज्यांचं ज्ञान कधी लिहिलंच गेलं नाही, त्यांचं काय? आषाढात दादरच्या बाजारात पालघर, कर्जतकडून आलेल्या आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी घेऊन बसतात. शेवळं विकणारी बाई सोबत काकडं देते, कारण त्यांच्याशिवाय शिजवलेलं शेवळं घशाला खाजतं. ही सूचना भाजीच्या दरातच येते. जैवविविधता कायदा २००२ चा. स्थानिक संस्थांनी अशा ज्ञानाची लोकजैवविविधता नोंदवही करावी, अशी त्यात तरतूद आहे. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभातला वाटा देण्यातून सूट मिळाली. त्यामुळे नोंद करतानाच सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि हक्क लिहिणं आता जास्त निकडीचं झालं आहे.

नोंद कशी करावी, हे बाळगुटीवरून कळेल. हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, अतिविष अशी द्रव्यांची यादी कुणीही उतरवून घेईल. पण सहाणेवर कशाचे किती वळसे, हे बाळाचं वय, पोट आणि हवा बघून ठरतं. शौचाला कसं झालं हे विचारल्याशिवाय लालबागची कुठलीही जाणती सासू सहाणेला हात लावत नसे. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकायलाच हवं. म्हणून त्या आजीचं निरीक्षण फुकट जात नाही.

आपण वडीलधाऱ्यांना विचारतो, ‘यावर काय देता?’ सखाराम अर्जुनांपासून आजच्या मोबाइलवरच्या नुस्ख्यांपर्यंत बहुतेक याद्या या एकाच प्रश्नाच्या उत्तरांनी भरल्या आहेत. शिकायचं असेल तर दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ‘केव्हा देत नाही?’ त्याचं उत्तर ज्यांच्याकडे आहे ती माणसं अजून चाळींत, वाड्यांत आणि पाड्यांवर आहेत. ते उत्तर नावानिशी लिहून घ्यावं आणि तपासायला उघडं ठेवावं. गुपित राखण्यापेक्षा आणि आंधळेपणाने काढा उकळण्यापेक्षा त्यात त्यांचा मान जास्त आहे.